चार निळ्या शेपट्या

जमना झिपरू हाडळ या बाईला आमच्या कंपनीने ‘अशास्त्रीय वर्तन’ असा शेरा मारून कामावरून काढलं, त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. मी तेव्हा त्याच कंपनीच्या प्राणीगृहात नोंदी ठेवायचं काम करत होते. यंदा मार्चमध्ये निवृत्त झाले आणि आता लिहायला बसले आहे. आधी का लिहिलं नाही, असं कोणी विचारलं तर सरळ सांगते. घाबरले होते, दुसरं काय.

अशास्त्रीय म्हणे! उंदीर हातात धरायचं शास्त्र त्या इमारतीत कोणाला येत असेल तर ते जमनाला. बाकीच्यांकडे पदव्या होत्या.

कंपनी तलासरी तालुक्यात, हायवेपासून जरा आत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, एखादं मंगल कार्यालय असेल. मोठ्या औषध कंपन्या आपली नवी औषधं आमच्याकडे पाठवायच्या आणि आमची माणसं ती पांढऱ्या उंदरांवर तपासून अहवाल द्यायची. मी डहाणूहून कंपनीच्या बसने यायचे. जमना वेवजीच्या आदिवासी पाड्यावरची. कंत्राटदाराने तिला झाडू-पोछ्याला आणलं होतं, आणि पहिलं वर्षभर तिने प्राणीगृहाचं दार फक्त बाहेरून पुसलं.

मग एक दिवस एक उंदीर पिंजऱ्यातून सुटला. तीन एम. एस्सी. झालेली माणसं, त्यांतली दोन खुर्चीवर चढलेली, एक हातात टॉवेल घेऊन नाचतंय. जमना पोछा टाकून आत आली, भिंतीला लागून जमिनीवर बसली आणि तिने तळहात भिंतीशी उघडा ठेवला. उंदीर भिंत सोडून पळत नाही, हे तिला ठाऊक होतं. तो भिंतीकडेने आला, तिच्या हातावर चढला, तिने दुसरा हात वरून अलगद ठेवला. झालं. खुर्चीवरची माणसं खाली उतरली आणि एकाने तिला विचारलं, “घरी नेऊन खात नाहीस ना गं?”

सगळे हसले. मीही हसले असेन. जमना हसली नाही, तिने उंदीर पिंजऱ्यात ठेवला आणि पोछा उचलला.

तेव्हापासून ती प्राणीगृहात आली ती चौदा वर्षं राहिली. पगाराच्या यादीत तिच्या नावापुढे शेवटपर्यंत ‘सफाई’ हाच शब्द होता. काम मात्र असं, की कोणाला उंदराच्या शेपटीतल्या शिरेत सुई घालायची असली की आधी हाक जमनाला. शेपटीची शीर दोऱ्याएवढी बारीक असते, आणि उंदीर घाबरला की ती आणखी आकसते. जमना थर्मासमधून कोमट पाणी आणायची, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्यात भिजवून पिळायची आणि शेपटीभोवती दोन मिनिटं गुंडाळून ठेवायची. उंदीर तिच्या कोपराच्या बेचक्यात डोकं घालून बसायचा. फडकं काढलं की शीर टम्म वर आलेली. सुई कोणीही मारावी, चुकायची नाही. शेपटीला धरून उंदीर उचलणाऱ्यावर ती उखडायची. “खालून छातीला हात द्या, सायेब. तुमाला कोनी शेंडीला धरून उचललं तर?” असं ती मोठमोठ्यांना सुनवायची, आणि काम अडलेलं असायचं म्हणून ते ऐकून घ्यायचे.

तिची आणखी एक सवय होती, आणि सगळं रामायण त्या सवयीवरूनच झालं. प्रयोग संपला की मेलेले उंदीर पिवळ्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि कचऱ्याची गाडी आली की द्यायचे, असा नियम. जमना पिशवीत घालण्याआधी प्रत्येक उंदीर नळाखाली धरायची. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाण्याचा एक हात फिरवायची, मग पिशवीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं. ती म्हणाली, “आमच्यात मेल्याला आंघोळ घातल्याबिगर घराभायेर काढत नाय, बाय. हा पन जीवच हाय ना.” आमच्या घरातही काढत नाहीत. चौदा वर्षं त्यामुळे कोणाचंच काही अडलं नाही.

आता तो प्रयोग. मधुमेह बरीच वर्षं अंगात राहिला की बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. मातीचा माठ पाझरतो तसं रक्तातलं पाणी बाहेर येतं, डोळ्यांचे पडदे सुजतात, पायाच्या जखमा भरत नाहीत. एका कंपनीने हे झिरपणं थांबवणारं औषध काढलं होतं. ते खरंच थांबवतं का, हे मोजायची रीत अशी: उंदराच्या शेपटीतल्या शिरेत एक निळा रंग सोडायचा. रंग रक्तातून सगळ्या अंगभर फिरतो. वाहिन्या धड असतील तर तो आतच राहतो, झिरपत असतील तर बाहेर मांसात उतरतो. अर्ध्या तासाने उंदराला पूर्ण भूल देऊन त्याच्या वाहिन्या मिठाच्या पाण्याने धुऊन काढायच्या, डोळे नि कातडीचे तुकडे काढून घ्यायचे आणि त्यांत किती निळा उतरला ते यंत्रावर मोजायचं. निळा कमी म्हणजे गळती कमी, म्हणजे औषध चांगलं.

यात एक गोम आहे, आणि ती शेंबड्या पोराला कळेल. सुई शिरेत न जाता बाजूला गेली, तर रंग शेपटीतच अडकून बसतो. अंगात जातच नाही. मग मांसात निळा सापडणार कुठून? यंत्र बिचारं सांगणार, गळती शून्य, औषध अफलातून.

या प्रयोगाच्या आधी आमचे विभागप्रमुख डॉ. श्यामकांत यांनी फर्मान काढलं, की इंजेक्शनच्या खोलीत फक्त शिकलेली माणसं असतील. औषधवाल्या कंपनीला कागदावर पदव्या बघायच्या होत्या. जमनाला काचेबाहेर उभं केलं. तिच्या जागी प्लास्टिकची नळी आणली, उंदराला त्यात कोंबायचं आणि शेपटी बाहेर काढायची. सुई मारायला रूपेश. मुलगा हुशार, वाईट नव्हता, पण जमनाच्या हातातल्या उंदरालाच सुई मारत तो शिकला होता. वर सरांनी दोन दिवसांचं काम एका दिवसात बसवलं. सकाळी दहा निरोगी उंदीर झाले, दुपारी औषध न दिलेले दहा मधुमेही, आणि औषध दिलेले दहा मधुमेही शेवटी चार वाजता. तोवर रूपेशचा हात भरून आला होता आणि उंदीर नळीत ओरडत होते. कोमट पाण्याचा थर्मास बाहेर जमनाजवळच राहिला.

मी नोंदवहीत लिहिलं, दहाच्या दहा इंजेक्शनं यशस्वी. रूपेशने सांगितलं तसं लिहिलं.

पाच-साडेपाचला जमना मला बोलवायला आली. हात ओले होते. नळाजवळच्या ट्रेमध्ये तिने चार उंदीर वेगळे ठेवले होते.

“बाय, या चौघांच्या अंगात रंग गेलाच नाय. शेपटीतच बसलाय. बगा.”

मी पाहिलं. शेपट्या मुळाशी सुजलेल्या आणि जांभळ्या-निळ्या. तिने नळाखाली पुन्हा चोळून दाखवलं, रंग तसाच. बाकी सहा उंदरांचे कान, पंजे निळसर झालेले, कारण रंग अंगात गेला की पांढऱ्या उंदराचे कान पाच मिनिटांत निळे होतात. या चौघांचे कान खडूसारखे पांढरे.

“मी काचेतून बगितलेलं,” जमना म्हणाली. “कान होत नव्हते निळे. रूपेशसायबांना काचेवर टकटक केली, तर त्यांनी हात हलवला, जा म्हनून.”

दुसऱ्या दिवशी यंत्राचे आकडे आले. त्या चार उंदरांत गळती निरोगी उंदरापेक्षाही कमी! आजारी उंदराला औषध दिलं आणि तो जन्मजात धडधाकट उंदराहून धडधाकट झाला, यावर विश्वास ठेवायला एम. एस्सी. तरी लागते, नाहीतर पीएच. डी. ते चार काढून टाकले तर बाकी सहांत औषधाचा गुण जेमतेम नखाएवढा. मी आकडे घेऊन डॉ. श्यामकांत यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं, ते दचकतील. त्यांनी मला विचारलं, “हे पाहिलं कोणी?”

मी नाव सांगितलं. तिथेच चुकले. आकड्यांवर बोट ठेवून थांबायला हवं होतं.

मग चौकशी झाली, तीही कशाची? सुई चुकली त्याची नाही. मेलेला उंदीर नळाखाली धरला त्याची! नियमात लिहिलंय, मृत प्राणी थेट पिशवीत जाईल. या बाईने तो धुतला. पाण्याने रंग वाहून गेला असणार, म्हणून निकालावर शंका आली तर दोष तिचा. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, डोळे आणि कातडी आधीच कापून नळ्यांमध्ये बंद झाली होती. तिने धुतलं ते उरलेलं शरीर. धुतल्याने यंत्रावरचे आकडे बदलतात, तर मग उद्या ताट धुतल्याने जेवलेलं अन्नही पोटातून नाहीसं होईल. मी हे सरांना जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “अहिल्याताई, इतकं खोलात कोण जातंय?”

शुक्रवारी जमनाला केबिनमध्ये बोलावलं. डॉ. श्यामकांत, रूपेश, मनुष्यबळ विभागाचे एक गृहस्थ आणि मी. तिला कोणी बस म्हटलं नाही.

“तुझं शिक्षण किती?” सरांनी विचारलं.

“नववी.”

“आणि रूपेशसरांचं?”

“मला काय ठावं. पन शेपटी निळी हाय ती नववीवालीला पन दिसते, सायेब.”

रूपेश खाली बघत होता. सरांनी टेबलावरून कागद पुढे सरकवला. मराठीत होता, तिला वाचता यावा म्हणून एवढी मात्र काळजी घेतलेली. दोन वाक्यं होती. मी मृत प्राणी नियमबाह्य रीतीने धुतले. शेपट्यांबाबत माझ्या पाहण्यात चूक झाली आहे. सही केली तर तिला बागकामावर घेणार होते, नाही केली तर कंत्राट संपलं. घरी झिपरू, तिचा नवरा, घोलवडच्या वाडीत चिकू काढायला जायचा, पण चिकूचं काम बारा महिने सारखं नसतं. चौदा वर्षं घर तिच्या कामावर उभं होतं. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून तर कागद इतक्या निवांतपणे पुढे आला.

तिने बोट ठेवून वाचला. दोनदा वाचला.

“धुतले ते लिवा. मी धुतलेच. दुसरं नाय लिवायची.”

“का?”

“मी बगितलंय ना, सायेब.” तिने कागद परत सरकवला. “त्यांचा जीव घेतला आपन. कामासाठी घेतला, ठीक हाय, मी पन हात लावला. मग लिवताना तरी खरं लिवा. नायतर कशाला मारले?”

एवढं सरळ वाक्य त्या इमारतीत पूर्वी कधी कोणी बोललं नव्हतं. भिंतीवर प्राण्यांविषयीच्या नीतिनियमांची फ्रेम होती, इंग्रजीत, सोनेरी कडांची. सर माझ्याकडे वळले.

“अहिल्याताई, तुम्ही पाहिल्या होत्या का शेपट्या?”

मी पाहिल्या होत्या. हातात घेऊन पाहिल्या होत्या.

मी म्हणाले, “उजेड कमी होता. नीट नाही सांगता येणार.”

जमनाने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, आणि तेच मला सोसलं नाही, आजही सोसत नाही. मी डॉ. श्यामकांत यांच्यावर वाटेल तेवढी आगपाखड करीन, पण त्या दिवशी मूग गिळून बसलेल्यांत पहिली मी होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. असल्या कारणांनी माणूस किती लहान होतो, ते मी स्वतःवरून सांगते.

तिने सही केली नाही. संध्याकाळी आपला डबा, चपला आणि ते लुगड्याचं फडकं घेऊन ती निघाली. जाताना फ्रीझरपाशी मला म्हणाली, “ते चार खाली ठेवलेत, बाय. वेगळ्या पिशवीत. गाडीवाल्याला वरचे द्या.” बस्स. तू असं का बोललीस, हे तिने विचारलं नाही.

मंगळवारी कचऱ्याची गाडी आली. सरांचा निरोप होता, फ्रीझर पूर्ण रिकामा करा. किल्ली माझ्याकडे. मी वरचे दिले. खालच्या पिशवीला हात लावला नाही. माझ्या पराक्रमाची लांबी एवढीच.

गुरुवारी औषधवाल्या कंपनीकडून सई नावाची तरुण बाई पाहणीला आली. वहीतले आकडे बघता बघता ती त्याच चार आकड्यांवर अडली. “हे निरोग्यांपेक्षा कमी कसे?” सरांनी तिला औषधाच्या अद्भुत गुणांबद्दल पाच मिनिटं सांगितलं. मी उठले, फ्रीझर उघडला आणि पिशवी तिच्यासमोर ट्रेमध्ये ठेवली. सईने हातमोजे घातले, एक शेपटी वळवून पाहिली, दुसरी पाहिली. तिला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

“हे कोणाच्या लक्षात आलं?” तिने विचारलं.

“आमच्या तपासणी पद्धतीत आलं,” डॉ. श्यामकांत म्हणाले.

ऐकलंत? आमच्या तपासणी पद्धतीत! मी तेव्हा तोंड उघडलं, नाव सांगितलं, कामावरून काढल्याचंही सांगितलं. सईने ते आपल्या वहीत लिहून घेतलं. पुढे त्या वहीचं काय झालं, मला माहीत नाही.

प्रयोग पुन्हा झाला. म्हणजे आणखी तीस उंदीर मेले, पहिल्यांदा नीट धरले असते तर जे जगले असते. औषधाचा गुण खरोखरच नखाएवढा निघाला. कंपनीला ‘गुणवत्तेबद्दलच्या दक्षतेसाठी’ प्रशस्तिपत्र आलं, आणि सरांनी ते हातात धरून फोटो काढला. नियमावलीत दोन नवी कलमं आली. रंग दिल्यावर पाच मिनिटांनी कान तपासावेत. प्रयोगानंतर शेपटी पाण्याने धुऊन पाहावी. ती कलमं मीच टाइप केली. खाली ‘तयार करणार’ म्हणून डॉ. श्यामकांत यांचं नाव. ज्या धुण्यासाठी बाईला घालवली, तेच धुणं आता नियम, आणि तिच्यावरचा शेरा तसाच फाइलीत! या निर्लज्जपणाला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि मी काही शब्दांना कमी पडणारी बाई नाही.

महिन्याभरात सुया पुन्हा चुकायला लागल्या. दोघांना उंदीर चावले. मग सरांनी मला बोलावून सांगितलं, “तुमचं ऐकते ती. जाऊन बोलावून आणा. पूर्वीच्याच जागेवर घेऊ.”

मी घोलवडला गेले. जमना एका शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून चिकू निवडत होती, मोठे एका क्रेटमध्ये, मधले दुसऱ्यात. शेडचा मालक गुजरातीत कोणाला तरी ट्रकबद्दल ओरडत होता. मला बघून ती उठली, पदराला हात पुसले, पाणी दिलं. मी आधी माझं सांगितलं. उजेड कमी नव्हता, मी खोटं बोलले, मला माफ कर, असं त्या सगळ्या बायकांसमोर म्हणाले. बोलताना रडले. ती म्हणाली, “तुमी पिशवी ठेवली ना, बाय.” मग मी सरांचा निरोप दिला.

ती परत रांगेत बसून चिकू निवडायला लागली.

“येते मी,” ती म्हणाली. “मला ते काम आवडते. पन मला चौघांसमोर खोटी पाडली. तुमी आता इथं सगळ्यांसमोर बोलल्या, तसं सायबाने पन बोलायचं. जमनाने बगितलेलं ते खरं होतं, एवढंच. कंपनीत नाय तर माज्या घरी येऊन बोलू दे. दुसऱ्या दिशी कामावर येते.”

मी परत येऊन सरांना शब्दाला शब्द सांगितलं. ते हसले. “बघू,” म्हणाले.

मी निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी विचारत राहिले. दर सोमवारी “बघू”. जमना अजून चिकू निवडते आहे, आणि प्राणीगृहात उंदीर अजून नळीत ओरडत आहेत. जमनाचं वेवजी कंपनीपासून नऊ किलोमीटरवर आहे. डॉ. श्यामकांत उंबरगावला राहतात, त्यांची गाडी रोज संध्याकाळी सहा वाजता वेवजीच्या फाट्यावरून जाते.